सहाच्या आकड्याच्या पुढे-मागे

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील बार्शीत शिंपीकाम करत. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, आईचं त्याहूनही कमी. त्यामुळे कॉलेजात कसं वागायचं, काय चालतं आणि काय चालत नाही, हे घरी विचारायची सोय नव्हती. मी आजूबाजूला बघून शिकत गेले. पुष्कळसं चांगलं तसंच शिकले, आणि आता जे सांगणार आहे तेही तसंच.

बी.एस्सी.ला फिजिक्सचं प्रॅक्टिकल असे. चौघींत मिळून एक स्टॉपवॉच. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाची किंमत ९८०च्या आसपास यायला हवी, असं पुस्तकात होतं. माझी ८९० आली. मी तीच लिहून सरांपुढे जर्नल ठेवलं. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "पृथ्वी बदलली काय गं काल रात्री?" सगळे हसले. मी पुन्हा प्रयोग केला, पुन्हा ८९०च्या जवळपास. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला बाजूला घेऊन शिकवलं. आधी उत्तर घ्यायचं, त्यावरून उलटं गणित करायचं आणि मग रीडिंगं लिहायची. सगळी एकसारखी लिहायची नाहीत. एखादं थोडं वर, एखादं थोडं खाली. याला 'रीडिंग बसवणं' म्हणत. सगळेच बसवत. सरांनाही माहीत असावं. पुढे एम.एस्सी. होईपर्यंत माझा त्यात इतका हात बसला होता की माझं जर्नल खालच्या वर्गातल्या मुली मागून नेत.

यात काही खोटं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. ते नीटनेटकेपणाचाच एक भाग वाटायचं, समासाच्या रेघा आखण्यासारखं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी धातुशास्त्रात पीएच.डी. करायला न्यू जर्सीत आले. पिस्कॅटवेला नागपूरच्या एका मुलीबरोबर राहायची. ती कॉम्प्युटर सायन्सची, बोलायला बिनधास्त. मी चार वाक्यं मनात जुळवून एक बोलायची. माझ्या गाइडचं काम तुटलेल्या धातूंवर होतं. एखादा दांडा किंवा दोन दांडे जोडणारं कपलिंग तुटलं की तुटलेल्या पृष्ठभागावर खुणा राहतात. त्या वाचून ते का तुटलं हे शोधायचं. त्यासाठी आधी त्या पृष्ठभागाचे चांगले फोटो हवेत. मला मिळालेली असिस्टंटशिप या फोटोंच्याच कामाची होती, आणि मी त्याआधी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता.

गाइडने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तळमजल्यावरच्या फोटो-रूममध्ये जा. तिथले टेक्निशियन तुला शिकवतील. त्यांनी हो म्हटलं की पुढच्या सेमिस्टरचं काम तुझं." हो म्हटलं नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला ते पाठच होतं. असिस्टंटशिप नाही तर फी नाही, फी नाही तर व्हिसा नाही, म्हणजे बार्शी.

टेक्निशियन साठीच्या घरातले होते. रबरी ॲप्रन, कानावर पेन्सिल, आवाज बसका. कितीतरी वर्षं ते त्याच खोलीत काम करत होते आणि प्रोफेसर मंडळीही तिथे जरा दबूनच बोलत. मी पहिल्या दिवशी दारातून "गुड मॉर्निंग, सर" म्हटलं, आत आल्यावर "सर, मे आय सिट" म्हटलं, आणि बसल्यावर "थँक यू, सर" म्हटलं. ते उठले आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूने तीन उभ्या रेघा काढल्या.

"मी इथे कुणाचा सर नाही," ते म्हणाले. "प्रत्येक 'सर'ला एक रेघ. दहा झाल्या की केमिकलचे ट्रे तू धुवायचे."

त्या आठवड्यात मी ट्रे दोनदा धुतले.

शिकवायला मात्र ते चांगले होते. डेप्थ ऑफ फील्ड मला त्यांनी टेबलावरच्या वस्तू मांडून समजावली. आपण लेन्स एका ठरावीक अंतरावर फोकस करतो. त्या अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. पण तिच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचंही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. हा जो पुढचा-मागचा पट्टा, तो कधी बोटभर असतो, कधी वीतभर. लेन्सच्या आत पात्यांचं एक भोक असतं. भोक मोठं ठेवलं तर पट्टा अरुंद, लहान केलं तर पट्टा रुंद. आकडे मात्र उलटे: एफ-२.८ म्हणजे मोठं भोक, एफ-१६ म्हणजे बारीक. भोक बारीक केलं की उजेड कमी येतो, म्हणून शटर तेवढा जास्त वेळ उघडं ठेवायचं. तुटलेला धातू सपाट नसतो, त्याला शिखरं-दऱ्या असतात. त्या सगळ्या एका फोटोत यायच्या तर हा पट्टा रुंद हवा.

"समजलं?" त्यांनी विचारलं.

"हो, सर," मी म्हटलं. एक रेघ.

मला शब्द समजले होते.

मग त्यांनी परीक्षा दिली. एक लाकडी फूटपट्टी कॅमेऱ्यासमोर लांबवर जाईल अशी टेबलावर ठेवायची. सहाच्या आकड्यावर फोकस करायचा. २.८पासून १६पर्यंत प्रत्येक आकड्यावर तीन-तीन फोटो काढायचे. फिल्म स्वतः धुवायची, भिंगाखाली बघायची, आणि कुठल्या इंचापासून कुठल्या इंचापर्यंत स्पष्ट दिसतं ते वहीत लिहायचं. त्यांनी ड्रॉवरमधून एक लेन्स काढून दिली. "ही उन्हाळाभर पडून आहे. वापरण्याआधी कुणीतरी तपासायला हवीच होती. दोन्ही कामं एकदम होतील."

त्या खोलीतल्या प्रत्येक लेन्सला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं असे. जो तपासेल त्याने त्यावर शेरा लिहून सही करायची. पुढचा माणूस कार्ड बघूनच लेन्स उचलायचा. इतरांच्या सह्या मी त्या दिवशी कौतुकाने बघत बसले होते.

फोटो मी मन लावून काढले. कॅमेऱ्यातून बघताना मला फरक काही दिसत नव्हता, पण तो तसा दिसत नाही हे त्यांनी सांगून ठेवलं होतं. भोक लहान होतं ते बटण दाबल्याच्या क्षणालाच. फिल्म धुतली, वाळवली, आणि सगळ्या फ्रेम एका कागदावर छापून भिंग लावून बसले.

सगळ्या फ्रेममध्ये साधारण साडेपाच ते साडेसहा एवढंच स्पष्ट होतं. २.८लाही तेवढंच आणि आठलाही तेवढंच. शिवाय फ्रेम पुढेपुढे फिकट होत गेल्या होत्या. १६च्या तीन तर जवळजवळ पांढऱ्याफटक. त्यांत फूटपट्टी आहे हे मला माहीत होतं म्हणून दिसत होतं.

मी काय केलं ते आता लिहायला सोपं आहे, पण तेव्हा मला आपण काही करतोय असंही वाटलं नाही. मी ठरवलं की चूक माझी आहे. शटरचा हिशेब चुकला असेल, फोकस हलला असेल. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा धरलेल्या मुलीकडून दुसरं काय होणार? पुस्तकात सूत्र होतं. त्यावरून मी प्रत्येक आकड्याचा पट्टा काढला. पुस्तकात असंही होतं की पट्ट्याचा एक भाग पुढे पडतो आणि दोन भाग मागे. तशी वाटणी केली. मग रीडिंगं बसवली. एखादं पाव इंच वर, एखादं खाली. समास आखला, दोन रंगांची शाई वापरली, शेवटी चूक किती टक्के याचा रकानाही काढला.

टेक्निशियननी वही चाळली. "बाप रे," ते म्हणाले. "इतकी देखणी वही माझ्या हातात कधी आली नव्हती." मग त्यांनी मला लेन्सचं कार्ड दिलं. मी 'तपासली, ठीक आहे' असं लिहून खाली सही केली. अमेरिकेत कुठल्याही वस्तूवर केलेली ती माझी पहिली सही. संध्याकाळी रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "वा, आता ऑटोग्राफ द्यायला लाग."

हे सोमवारी झालं. बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला आमच्या लॅबमधला सिनिअर माझ्या टेबलाशी आला. तो ओहायोचा, उंच, आठवड्याला दहा वाक्यं बोलणारा. त्याच्या हातात आत कापूस घातलेली एक डबी होती.

"तू सही केलेली लेन्स उद्या मी घेतोय," तो म्हणाला. "चांगली आहे ना?"

डबीत एका तुटलेल्या कपलिंगचा तुकडा होता. राखाडी, खडबडीत, मध्येच चमकणारा. तो तुकडा मिळावा म्हणून सिनिअर मार्चपासून पत्रं लिहीत होता हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तसा दुसरा नव्हता.

"सकाळी आठला फोटो, दहाला कटिंग," तो म्हणाला. "कापायच्या मशीनची, सॉची वेळ मोठ्या मुश्किलीने मिळालीय. ही गेली तर महिनाभर नाही."

"कापणार?" मी विचारलं.

"बरोबर मधून. आतलं बघायला हवं ना. वरचा भाग त्यात जाणारच, पण फोटो असतीलच." त्याने डबी तिरकी करून दाखवली. "केवढ्या दऱ्या आहेत बघ. एफ-सोळाशिवाय येणार नाही."

"आणि फिल्म कधी धुणार?"

"शुक्रवारी खाली बाकीच्या फिल्मबरोबर धुतील. का?"

माझ्या डोळ्यांसमोर त्या तीन पांढऱ्या फ्रेम आल्या. त्याच वेळी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की चूक माझी नसेल तर? दोष लेन्समध्येच असेल तर? मी तोंड उघडलं. त्याने वाट पाहिली. तसा तो वाट बघणारा माणूस होता.

"काही नाही," मी म्हटलं. "छान आहे तुकडा."

तो गेल्यावर मी जिना उतरून खाली धावले. फोटो-रूमला कुलूप. टेक्निशियन साडेतीनला घरी जात. वर आले तर सिनिअरही निघून गेलेला. त्याचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. ऑफिसात मागता आला असता, पण का हवाय असं विचारलं तर काय सांगायचं, हे ठरेपर्यंत ऑफिस बंद झालं. खरं सांगायचं तर ठरवायला मी वेळ लावला.

घरी रूममेट कणीक मळत होती. मी पर्सही खाली न ठेवता सगळं सांगितलं.

"अगं, मग काय झालं?" ती म्हणाली. "सगळेच बसवतात रीडिंगं. आम्ही काय कमी बसवली? तू उगाच टेन्शन घेऊन राहिली."

"त्या लेन्सवर माझी सही आहे."

"असू दे. खराब निघाली तर म्हणायचं, माझ्या वेळेस बरी होती. लेन्स काय साक्ष द्यायला येते का?"

"आणि त्यांना कळलं तर? परत पाठवतील मला. वडिलांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलंय मी इथे आहे म्हणून."

"कोणी नाही पाठवत. चूप राहा अन् पोळ्या लाट."

मी लाटायला बसले. दोन पोळ्या झाल्यावर ती म्हणाली, "तो तुकडा कापणार म्हणजे? मग जोडता नाही येत का परत?"

"नाही. वरच्या खुणा जातात. त्याच तर वाचायच्या असतात."

"अन् दुसरा नाही?"

"नाही."

तिने तव्यावरची पोळी उलटायची ठेवून माझ्याकडे बघितलं. "मग काय विचारून राहिली मला? सकाळी पहिली बस पकड अन् जा. हे काय जर्नल आहे का, दुसरं लिहून द्यायला?"

मला वडिलांची आठवण आली ती तेव्हा. माप घेताना ते टेप लावत, आकडा मोठ्याने म्हणत, आणि लगेच वहीत लिहीत. मनात ठेवून नंतर कधी लिहीत नसत. गिऱ्हाइकाने "मागच्याच मापाने शिवा की" म्हटलं तरी टेप पुन्हा लावत. आणि कापडावर खडूच्या खुणा करून झाल्या, कात्री हातात घेतली, की क्षणभर थांबून वही पुन्हा बघत. मी लहानपणी विचारलं होतं, आत्ताच तर बघितलं ना, परत कशाला? ते म्हणाले होते, "कापल्यावर कुणाला विचारू?" चौथी शिकलेल्या माणसाची ती वही मी रोज बघत मोठी झाले आणि कॉलेजात जाऊन दुसरीच शिकले.

सकाळी मी पहिली बस पकडली, पण ती कॅम्पसला वळसा घालून जाणारी निघाली. फोटो-रूमच्या दारात पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. टेक्निशियन कॉफी ओतत होते. बाजूच्या स्टँडवर कॅमेरा रिकामा.

"तो येऊन गेला?" मी विचारलं.

"आठलाच. फोटो काढून वर्कशॉपला गेलाय. का गं, धावत आलीस?"

मी आदल्या दिवशीपासून जुळवलेली वाक्यं विसरले. "सर, ती वही खोटी आहे, सर," मी म्हटलं. "मी ती रीडिंगं बघून लिहिली नाहीत. सूत्रावरून लिहिली. फिल्मवर वेगळंच होतं, सर. सगळ्या फ्रेम सारख्या आहेत. मला वाटलं माझंच चुकलं. आणि मी त्या कार्डावर सही केली, सर, आणि आता ते कापणार आहेत."

ते फळ्याकडे गेले नाहीत. "फिल्म आणलीस?"

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती दिव्याच्या काचेवर ठेवली, भिंग लावलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला.

वर्कशॉपचा फोन बराच वेळ वाजला. इकडून मला एकच बाजू ऐकू येत होती. "सॉ चालू केलीस? ... कशात? ... क्लॅम्पमध्ये. बरं, मग तो क्लॅम्प सोडव आणि तुकडा घेऊन इकडे ये. ... हो, आत्ता. ... नाही, तुझे फोटो आले नसणार."

त्यांनी फोन ठेवला आणि मी तिथल्या स्टुलावर बसले. बसायला परवानगी मागायची राहून गेली. छातीवरून काहीतरी उतरलं होतं. आता माझं काय व्हायचं ते होवो, तो तुकडा अख्खा होता.

त्यांनी ती लेन्स आणली. मागच्या बाजूला एक बारीक खटका असतो. बटण दाबल्यावर कॅमेरा तोच ओढतो. आकडा १६वर ठेवून त्यांनी तो बोटाने दाबला आणि लेन्स माझ्या डोळ्यासमोर धरली. "काय दिसतं?"

"भोक मोठंच आहे."

"पाती हलतच नाहीत. तेल उतरलंय त्यांच्यावर, बघ, चमकतंय. सगळे फोटो मोठ्या भोकानेच निघालेत, आणि तू उजेड वाढवत गेलीस म्हणून पांढरे झालेत." त्यांनी लेन्स खाली ठेवली. "फिल्म बरोबर आहे. वही चूक आहे."

फिल्म बरोबर असू शकते हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्यांना प्रॅक्टिकलचं सांगितलं. ९८०चं, पृथ्वी बदलल्याचं, शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं. ते ऐकत होते. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटत होतं.

"मग एखाद्याच्या हातात बिघडलेलं स्टॉपवॉच आलं तर तुमच्याकडे कळायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"कळायचं नाही, सर."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. माझं उत्तर दोन्ही वेळा ८९०च्या जवळ आलं होतं. मी प्रयोग नीट केला होता. आमचं घड्याळ पुढे धावत होतं. माझ्याआधी किती वर्षं आणि माझ्यानंतर किती वर्षं ते त्या लॅबमध्ये तसंच पुढे धावलं असेल, आणि दरवर्षी सगळ्यांनी ९८० लिहिलं असेल. मला हसू आलं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच हसले असेन. मग मी त्यांना का हसले तेही सांगितलं, आणि तेही हसले.

"वहीची शंका मला आली होती," ते म्हणाले. "एक भाग पुढे, दोन भाग मागे अशी वाटणी इतक्या जवळून होत नाही. जवळून जवळजवळ निम्मी-निम्मीच होते. म्हटलं, नवीन मुलगी आहे, अंदाज चुकला असेल. मीही नीट बघायला हवं होतं. फिल्म मागायला हवी होती." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "म्हणजे मलाही दोन रेघा."

सिनिअर आला. त्याला मी स्वतःच सांगितलं. त्याने डबी उघडली, कापूस बाजूला करून तुकडा बघितला, पुन्हा झाकला.

"मी काल तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो. मला काल सांगता आलं नाही. सॉरी."

त्याने डबी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "आज सांगितलंस," आणि टेक्निशियनकडे वळला, "दुसरी लेन्स आहे?" होती. त्या सकाळी त्यांनी पुन्हा फोटो काढले, आणि या वेळी फिल्म लगेच धुतली. मी ट्रे धरायला मदत केली. ओल्या फिल्मवर सगळ्या दऱ्या तळापर्यंत दिसत होत्या. सॉवाल्याने त्याची वेळ साडेअकरापर्यंत राखून ठेवली. महिनाभर थांबावं लागलं नाही.

तो गेल्यावर मी विचारलं, "माझ्या गाइडना तुम्ही काय सांगणार?"

"अजून काहीच नाही. परीक्षा झालीच कुठे तुझी?" त्यांनी लेन्सचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "आधी हे दुरुस्त कर."

मी माझ्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'पाती अडकतात. वापरू नये.' पुन्हा सही केली. मग त्यांनी एक चांगली लेन्स आणि नवी फिल्म दिली.

डेप्थ ऑफ फील्ड मला खऱ्या अर्थाने समजली ती त्या दुसऱ्या फिल्मवर. या वेळी फ्रेम एकमेकींसारख्या नव्हत्या. २.८ला सहाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा इंच, आणि मग पुढेपुढे पट्टा दोन्हीकडे पसरत गेलेला. पण भिंग लावून कडा शोधायला गेले तर कडाच सापडेना. चारचा आकडा स्पष्ट आहे का? आहे असं वाटे, पुन्हा बघितलं की नाही असं वाटे. एफ-अकराच्या फ्रेमवर मी पंधरा मिनिटं अडून बसले.

"चार म्हणू की सव्वाचार?" मी शेवटी विचारलं.

"तुला काय दिसतं?"

"कधी चार, कधी सव्वाचार. खरं उत्तर काय आहे?"

ते माझ्या शेजारी येऊन बसले. "खरं म्हणशील तर स्पष्ट एकच आहे, सहाचा आकडा. बाकी सगळं थोडंथोडं अस्पष्टच आहे. सहाच्या शेजारचं इतकं कमी अस्पष्ट असतं की डोळा ते चालवून घेतो. कुठपर्यंत चालवून घ्यायचं ते ठरवायला लागतं. लेन्स बनवणारेही ठरवतातच. तिथे रेघ मारलेली नसते."

"मग वहीत काय लिहू?"

"जे दिसतं ते. दिसत नसेल तर दिसत नाही असं."

मी लिहिलं: 'चार ते सव्वाचार. नक्की सांगता येत नाही.' वहीत असलं वाक्य मी पहिल्यांदाच लिहीत होते. समास आखला नव्हता, एक ओळ खोडली होती, पानाच्या कोपऱ्यात फिल्म धुवायच्या फिक्सरचा डाग पडला होता. टक्क्यांचा रकाना काढला नाही. टेक्निशियननी ती वही या वेळी फिल्म शेजारी ठेवून, एकेक फ्रेम भिंगाखाली घेऊन तपासली. तासभर लागला. दोन ठिकाणी त्यांना माझ्यापेक्षा वेगळं दिसलं; त्यांनी माझं खोडलं नाही, शेजारी आपलं लिहिलं.

"ही पहिल्या वहीइतकी देखणी नाही," ते म्हणाले आणि गाइडच्या नावाच्या चिठ्ठीवर सही केली.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला बसल्या बसल्या झोप लागली आणि माझा स्टॉप मागे गेला. दोन मैल चालत घरी आले. रूममेटने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "काय, बॅग भरू का तुझी?" मी नाही म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्या हिश्श्याचं भाडं कोण देतं मग," आणि मला तिथेच दारात घट्ट मिठी मारली.

घरी मी यातलं काही कळवलं नाही. पण अमेरिकेत आपण स्वतः काढलेला फोटो वडिलांना दाखवावासा वाटला, म्हणून दुसऱ्या फिल्ममधली २.८ची एक फ्रेम मोठी छापून पत्रात घातली. लाकडी फूटपट्टी, मध्ये सहाचा आकडा लखलखीत, अलीकडचं-पलीकडचं धूसर. अभ्यासाचा फोटो आहे, एवढंच लिहिलं.

तीन आठवड्यांनी त्यांचं उत्तर आलं. वडिलांची पत्रं छोटी असत. अक्षर मोठं, ओळी तिरक्या. आई बरी आहे. शेजारच्यांच्या मुलीचं ठरलं. फोटो पोचला, दुकानात लावला आहे. आणि शेवटी: 'फोटोत फक्त सहाचा आकडा नीट दिसतो. मागचे पुढचे आकडे पुसट आहेत. तुमच्या भिंगात काही दोष असेल. तुझ्या लक्षात आला नसेल तर बघ, आणि दोष असेल तर तिथल्या लोकांना सांगून टाक. उगाच कुणाचं काम बिघडायला नको.'

ते पत्र मी लॅबमध्ये उभ्या उभ्या दोनदा वाचलं. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. हा फोटो मुद्दाम तसा काढलाय, हे भिंग चांगलं आहे, असं लिहिलं आणि पट्टा अरुंद का होतो ते मला जमेल तसं समजावलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: दुसरं एक भिंग खराब होतं, आणि ते मी त्यांना सांगितलं आहे.